काळ्या मातीत मोठे टायर: स्टॉक (कंपनीतून आली तशा) गाडीला काय बसतं, कसं मोजायचं आणि कसं बसवायचं

पावसाळा नीट लागला की वऱ्हाडातला पांदण रस्ता ट्रॅक्टरच्या ताब्यात जातो. दोन खोल चाकोऱ्या, मधे गवत वाढलेला उंचवटा आणि चाकोरीत घोटाभर पाणी. कंपनीच्या टायरवरची बोलेरो किंवा थार त्यात उतरली की चाकं चाकोरीत जातात आणि मागच्या हौसिंगचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या मधला फुगलेला भाग, त्या उंचवट्यावर टेकतो. चाकं गरगर फिरतात, गाडी जागची हालत नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी बाहेर काढली की जमलेल्यांपैकी एकजण हमखास म्हणतो, "भाऊ, टायर मोठे टाका ना!"

सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. गाडीत किती मोठा टायर बसतो हे चाकाच्या कमानीत चिखलासाठी किती जागा उरते यावर ठरतं. कोरड्या खडकावर चालणाऱ्याला बोटभर फट पुरते. काळ्या मातीत तेवढ्या फटीत दहा मिनिटांत गारा, म्हणजे चिखल, भरतो आणि चाक ब्रेक लावल्यासारखं जाम होतं. म्हणून आपल्याकडे एक माप मोठा टायर बहुतेकदा पुरतो, आणि दोन मापं मोठा टायर बहुतेकदा डोकेदुखी होतो.

मोठ्या टायरनं नेमकं काय मिळतं

टायरचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मी उंची गाडीखाली मिळते. व्यास ३० मिलिमीटर वाढला तर गाडी १५ मिलिमीटर वर जाते. ऐकायला कमी वाटतं, पण ही उंची हौसिंगच्या गोळ्याखालीही मिळते. बॉडी उचलणारं लिफ्ट किट घातलं की बॉडी वर जाते, पण ज्या गाडीचा मागचा ॲक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग आडव्या नळीला जोडलेली आहेत, तिचा गोळा होता तिथेच राहतो. बोलेरो, थार, जिप्सी, जिमनी या सगळ्यांचा मागचा ॲक्सल अखंडच आहे. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर अडकतो तो गोळाच. त्यामुळे आपल्या कामासाठी लिफ्टपेक्षा टायरमध्ये घातलेला पैसा जास्त उपयोगी पडतो.

दुसरा फायदा म्हणजे मोठा टायर खड्ड्याच्या काठावर चढताना कमी अडतो. आणि हवा कमी केली की त्याचा जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो.

आधी टायरवरचं वाचा

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीनं मंजूर केलेलं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे पदोपदी लागेल.

बोलेरोचं माप घ्या: २१५/७५ आर १५. यातला २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजन सांगतो: १०० असेल तर एक टायर ८०० किलो झेलतो, १०४ असेल तर ९००, १०९ असेल तर १०३०. अक्षर वेग सांगतं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. नव्या टायरचा वजनाचा आकडा जुन्यापेक्षा खाली जाता कामा नये. बोलेरोत मागे खताची पोती आणि वर पाच माणसं हा आपल्याकडचा रोजचा प्रकार आहे, तेव्हा या आकड्याशी तडजोड नको.

टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडेही बघा. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. मोठ्या मापाचे, चिखलाच्या नक्षीचे टायर तालुक्याच्या दुकानात पटापट खपत नाहीत, माळ्यावर पडून राहतात. रबर न वापरताही कडक होतं. स्वस्तात मिळतोय म्हणून चार-पाच वर्षांचा जुना साठा उचलू नका. आयएसआयची खूण आहे का तेही बघून घ्या.

आकडेमोड

व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: रुंदी गुणिले टक्केवारी, गुणिले दोन, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४.

बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर: २१५ चे ७५ टक्के १६१.२५, दुप्पट ३२२.५, त्यात रिमचे ३८१ मिळवले की ७०३.५ मिलिमीटर. आता २३५/७५ आर १५ घ्या: १७६.२५, दुप्पट ३५२.५, अधिक ३८१, म्हणजे ७३३.५. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. गाडी १५ मिलिमीटर उचलली जाईल.

२०२० साली आलेल्या थारमध्ये कंपनीनंच दोन मापं दिली. १६ इंची रिमवर २४५/७५ आर १६, म्हणजे ७७४ मिलिमीटर. १८ इंची रिमवर २५५/६५ आर १८, म्हणजे ७८९ मिलिमीटर. बॉडी तीच, कमान तीच. याचा अर्थ ७८९ पर्यंतचा व्यास त्या कमानीत बसतो हे कंपनीनंच तपासून दिलंय. आपल्या गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कोणतं माप येतं हे सर्वांत आधी शोधा. पुष्कळांचं काम तिथेच भागतं, आणि कायद्याच्या बाजूनंही तो रस्ता कमी त्रासाचा आहे.

१६ इंची थारला २६५/७५ आर १६ घातला तर व्यास ८०४ होतो. वाढ ३० मिलिमीटर, चार टक्क्यांच्या जरा खाली. पण रुंदीही २० मिलिमीटरनं वाढते, आणि घासायचं दुखणं बहुतेकदा या रुंदीतूनच सुरू होतं.

माझा हिशेब असा: तीन टक्क्यांपर्यंत वाढ असेल तर मोजमाप करून निश्चिंत बसवा. तीन ते पाच टक्क्यांत प्रत्येक कोपरा तपासा. पाचच्या वर गेलात तर ते नुसतं टायर बदलणं राहत नाही. गिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन सगळ्याला हात लावावा लागतो, आणि तो या लेखाचा विषय नाही.

जागा मोजणं: इथे घाई नको

दुकानात गाडी सपाट फरशीवर, रिकामी आणि चाकं सरळ असते. तशा अवस्थेत बराच मोठा टायरही "बसतो". एका अनुभवी टायरवाल्यानं गिऱ्हाइकाला सांगितलेलं वाक्य माझ्या लक्षात आहे: "टायर तं बसते भाऊ, पन वळते का थे पाह्यजा." मोजमाप करायचं ते याच "वळते का" साठी.

पहिलं काम, गाडी स्वच्छ धुवा. कमानीच्या आत जुना गारा वाळून बसलेला असतो, तो खरवडून काढा. नाहीतर तुम्ही मातीपासूनचं अंतर मोजाल.

मग एक सरळ काठी किंवा पट्टी घ्या आणि नव्या टायरच्या निम्म्या व्यासाएवढी कापा. २३५/७५ आर १५ साठी ३६७ मिलिमीटर. पुढचं चाक काढा, गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा, काठीचं एक टोक हबच्या मध्यावर धरा आणि दुसरं टोक गोल फिरवत न्या. जिथे काठी अडते किंवा जवळून जाते तिथे खडूनं खूण करा. साधारणपणे तीन जागा सापडतात: पुढच्या बंपरचा मागचा कोपरा, दारासमोरचा मडगार्डचा खालचा भाग, आणि आतल्या प्लास्टिक लायनरचा फुगवटा. काठीला रुंदी नसते, म्हणून टायरची वाढलेली रुंदी निम्मी आत, निम्मी बाहेर अशी मनात धरा. रिम तीच ठेवली तर २० मिलिमीटरनं जास्त रुंद टायर १० मिलिमीटर आत सरकतो.

त्यानंतर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि तेच पुन्हा करा. मग दुसऱ्या बाजूला. यावेळी लक्ष आतल्या बाजूला ठेवा: चेसीस, कंट्रोल आर्म, अँटी-रोल बार, ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या सेन्सरची वायर. मडगार्डचं प्लास्टिक घासलं तर आवाज येतो आणि कळतं. ब्रेकची नळी गुपचूप घासते.

आता सस्पेन्शन दाबून बघायचं. शेताचा पक्का धुरा (बांध) किंवा दगडी ओटा असेल तर पुढचं एक चाक त्यावर हळूच चढवा. मागे माणसं बसवा, पोती ठेवा. चढलेलं चाक कमानीत वर दाबलं जातं आणि खरं अंतर तिथे दिसतं. हाताला पोहोचत नाही अशा जागी मळलेल्या शाडूचे किंवा चिकणमातीचे जाड गोळे लायनरला चिकटवा, चाक चढवा, उतरवा, आणि गोळा किती चपटा झाला ते पट्टीनं मोजा. जुन्या टायरवर हे माप घ्या आणि त्यातून नव्या टायरची वाढलेली त्रिज्या वजा करा.

उरलेली फट किती हवी? कोरड्या, मुरमाड वाटेला एक बोट चालेल. काळ्या मातीच्या भागात, वर आणि मागे दोन्हीकडे, सस्पेन्शन दबलेलं नसताना किमान चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत असं माझं मत आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते. नक्षीत भरते, टायरला गुंडाळते, आणि चाकाबरोबर वर येऊन लायनर उचकटते. फट मोठी असेल तर ती गोळ्यागोळ्यानं गळून पडते.

मागचं मोजायला विसरू नका. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांत, म्हणजे बोलेरोच्या मागे किंवा जिप्सीच्या चारही चाकांवर, टायर आतून पाट्याला लागतो का ते बघा. पाट्याला घासलेली साइडवॉल दुरुस्त होत नाही.

रिम

प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते याचा तक्ता टायर कंपनी देते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर मधला भाग फुगतो, कडा जमिनीला नीट लागत नाहीत, आणि हवा कमी केल्यावर टायर रिमवरून निसटायची भीती वाढते. तुमच्या रिमची रुंदी तक्त्यात बसत असेल तर रिम बदलूच नका.

नवी रिम घ्यायचीच असेल तर बोल्टचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट (रिमचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर) हे तिन्ही जुळले पाहिजेत. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं, आतलं घासणं थांबतं आणि गाडी रुबाबदार दिसते. पण वळताना टायरचा बाहेरचा कोपरा मोठ्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे बंपरला लागतो. बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंग चाकोरीच्या कलानं ओढलं जातं, आणि बाहेर आलेलं चाक दारांवर, काचांवर गारा उडवतं. चाक बाहेर आणायला हब आणि रिमच्या मधे घालतात तो स्पेसर मी कुणालाच सुचवत नाही.

माती बघून नक्षी

विदर्भ एक असला तरी माती एक नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा पट्ट्यातली खोल काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि तिला जवळपास तळच लागत नाही. इथे ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरच्या बारीक खाचा पहिल्या शंभर फुटांत बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मड टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या, मोठ्या, उघड्या खाचा चाक जरा वेगात फिरलं की माती फेकून देतात. म्हणून दररोज वावरात जाणाऱ्याला मड टेरेन योग्य. पण तो डांबरावर आवाज करतो, ओल्या डांबरावर ब्रेक लावताना पकड कमी देतो आणि लवकर झिजतो. महिन्यातले बहुतेक दिवस तालुक्याला ये-जा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वावर, असा वापर असेल तर ऑल टेरेनच घ्या. पावसानंतर दोन दिवस पांदणीनं जाऊ नका.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत वरचा थर पातळ चिखलाचा आणि खाली नांगराच्या तळाचा घट्ट थर असतो. तिथे उंच पण अरुंद टायर चिखल कापून खालच्या थराला लागतो आणि गाडी चालते. रुंद टायर वर तरंगतो, घसरतो. मेळघाटात धारदार दगड, गडचिरोलीच्या जंगलवाटांवर छाटलेल्या बांबूचे खुंट: तिथे नक्षीपेक्षा साइडवॉलची मजबुती आधी बघा.

आणि तुरीचे, पऱ्हाटीचे (कपाशीचे) खुंट. कापणीनंतरच्या वावरात गाडी घालणाऱ्याला ते सांगायची गरज नाही. तिरपा कापलेला वाळका तुरीचा खुंट साइडवॉलमध्ये सरळ जातो, आणि साइडवॉलचं पंक्चर निघत नाही. टायर कितीही मोठा, कितीही महाग असला तरी तुरीच्या वावरातून धुऱ्याधुऱ्यानंच जा.

रुंदीचा मोह टाळा, उंची वाढवा. दोन मापं सारख्या व्यासाची मिळत असतील तर त्यातलं अरुंद घ्या. कमानीत जागा उरते, स्टिअरिंग हलकं राहतं आणि इंजिनवर ओझं कमी येतं.

गाडी काय गमावते

मोठा टायर जड असतो. दुकानात काटा असेल तर जुना आणि नवा दोन्ही त्यावर ठेवून बघा. एका चाकामागे तीन-चार किलो वाढले तरी ते वजन फिरणारं असतं. प्रत्येक वेळी वेग घेताना ते फिरवावं लागतं आणि थांबताना रोखावं लागतं. ब्रेकचे पॅड तेच, पण टायरची त्रिज्या वाढलेली, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागतं. पॅड अर्धे झिजले असतील तर टायर बदलताना तेही बदलून टाका.

गिअर लांबल्यासारखे होतात. व्यास चार टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ साधारण चार टक्क्यांनी घटते. चिखलदऱ्याच्या घाटात जिथे तिसऱ्यात चढायचात तिथे दुसरा टाकावा लागेल. त्याहून मोठा प्रश्न चिखलात येतो: पहिला गिअर लांबला की लोक अर्धा क्लच दाबून गाडी ओढतात, आणि क्लचप्लेट जळते. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) असेल तर सरळ लो रेंज, म्हणजे जास्त ओढीचे हळू गिअर, टाका, क्लचशी खेळू नका.

स्पीडोमीटर आता कमी सांगेल. बोलेरोच्या वरच्या उदाहरणात काट्यावर ६० असताना गाडी ६२.५ च्या जरा वर असेल, ८० ला ८३ च्या वर. कंपनीचा काटा मुळात थोडं जास्त दाखवणारा असतो, त्यामुळे एक माप वाढवलं तर फरक फारसा जाणवत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा. ओडोमीटरही मागे राहतो: त्यावर १००० किलोमीटर दिसतील तेव्हा गाडी १०४३ चाललेली असेल. मायलेज काढताना हे धरा, नाहीतर पंपवाल्याला उगीच दोष द्याल. सर्व्हिसिंग मात्र थोडी आधीच करून घ्या.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतली माहिती आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना नकार दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वरच्या व्हेरियंटचं माप, मडगार्डच्या बाहेर न आलेला टायर आणि मूळ रिम एवढ्यावर थांबलात तर वादाला जागा कमी राहते. बाहेर आलेली चाकं लांबून दिसतात. विमा कंपनीला नव्या मापाची लेखी माहिती द्या आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर क्लेम अडतो तो अशाच न कळवलेल्या गोष्टींवर.

बसवण्याचा दिवस

पाचही टायर एकदम घ्या, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. फोर बाय फोर गाडीत हा नियम मोडू नका. थार, जिप्सी, जिमनी यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, पुढच्या-मागच्या वेगातला फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं. पुढे एक व्यास आणि मागे दुसरा असेल तर फोर बाय फोर टाकून कडक रस्त्यावर चालवताना सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. पैसे कमी असतील तर दोन महिने थांबा, पण दोन नवे आणि दोन जुने असं करू नका.

रिम आधीच धुऊन न्या. दुकानात उभं राहून पुढच्या गोष्टी बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या दिशेला आहे का. व्हॉल्व्ह नवे घातले का. रिमच्या कडेवरचा जुना गंज आणि वाळलेली माती घासून काढली का, कारण ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते ती बहुतेकदा तिथूनच. मग पाचही चाकांचं बॅलन्सिंग. चिखलाच्या नक्षीला जरा जास्त शिसं लागतं. पण एका चाकाला फारच लागत असेल तर टायर रिमवर अर्ध्या फेऱ्यानं फिरवून पुन्हा बसवायला सांगा.

नट हातानं धरा, आडव्या-तिडव्या क्रमानं आवळा, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं) हँडबुकातल्या आकड्याएवढाच. हवेच्या बंदुकीनं ठासून आवळलेला नट रात्री पांदणीत पंक्चर झाल्यावर सुटत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

घरीच बदलत असाल तर जॅक काळ्या मातीवर ठेवू नका, खाली जाड फळी टाका. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, समोरच्या बाजूच्या चाकामागे दगड लावा, आणि जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. नवे टायर आणि जुनी अलाइनमेंट म्हणजे हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये एक कड खाल्लेली.

पहिली चाचणी, आणि घासलं तर

लायनरच्या आतून आणि बंपरच्या कोपऱ्यावर ओला चुना पातळ लावा. वाळला की रिकाम्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून पुढे-मागे करा, मग गाडी भरून एखाद्या खड्ड्यातून हळू न्या. चुना जिथे पुसला तिथे टायर लागतोय.

नुसतं प्लास्टिक लागत असेल तर हीट गननं तापवून लायनर मागे दाबा किंवा तेवढा कोपरा कापा आणि क्लिप पक्क्या बसवा. पूर्ण वळणावर चेसीसला जरा लागत असेल तर मेकॅनिककडून स्टिअरिंग स्टॉप (चाक किती वळेल ते अडवणारा बोल्ट) थोडा वाढवून घ्या. वळायला जागा किंचित जास्त लागेल, एवढंच. पत्रा लागत असेल, किंवा दबलेल्या अवस्थेत टायर वर आदळत असेल, तर तो टायर या गाडीचा नाही. पत्रा कापून, लिफ्ट घालून त्याला बसवायच्या मागे लागू नका. थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, ते उचललं की चाकांना जोर नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात आणि त्यांच्या जॉइंटवरचे रबरी बूट फाटतात. फाटलेल्या बुटात काळी माती गेली की शाफ्टचा जॉइंट फार टिकत नाही.

हवा

रस्त्यावरचा दाब दाराजवळच्या पट्टीच्या आसपास ठेवा आणि तिथून पारखा. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा, सपाट डांबरावर शंभरेक मीटर चालवा. मधला खडू गेला आणि कडेचा राहिला तर हवा जास्त, उलट झालं तर कमी. गाडी भरलेली असताना हीच तपासणी पुन्हा करा.

गाऱ्यात उतरण्याआधी दाब १८ ते २० पीएसआयपर्यंत (पंपावर हवा मोजतात ते एकक) आणा. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. कमी हवेवर ताशी तीसच्या आत राहा आणि झटका देऊन वळू नका. वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या रेतीतही हेच, फक्त थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या.

आणि डांबराला लागताच हवा भरा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सीटखाली असलाच पाहिजे, तो मोठ्या टायरच्या खर्चाचाच भाग समजा. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग जातो. वावरातून निघून थोड्या वेळात त्यावर चढता येतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, खाली तापलेलं काँक्रीट, आणि टायरमध्ये २० पीएसआय: साइडवॉल दर फेऱ्याला जास्त दुमडते, आतून तापते आणि फुटते. मोठ्या टायरचं रबर जाड असल्यानं उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान पाच-साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयनं वाढतो. दुपारी पंपावर थांबून चार-पाच पीएसआय जास्त दिसले म्हणून सोडू नका, ती वाढ टायर बनवताना धरलेली असते.

पुढचे महिने

गाऱ्यातून आल्यावर रस्त्याला लागण्याआधी चाकांची आतली बाजू धुवा. रिमच्या आत एका बाजूला किलोभर माती वाळून बसली की ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक लगेच बॅलन्सिंगला पळतात आणि दुकानदार मातीसकट बॅलन्स करून देतो. पुढच्या पावसात ती माती धुऊन गेली की पुन्हा थरथर. जवळ पाणी नसेल तर काडीनं खरवडा.

आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवा, स्टेपनीसकट. फोर बाय फोरमध्ये पाचही टायर सारखे झिजले तर पुढे कधी एक बदलावा लागला तरी स्टेपनी चालून जाते. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर वाढलेल्या वजनानं बिजागऱ्या खाली येतात, दार बंद करताना उचलून लावावं लागतं. बोल्ट दर सर्व्हिसिंगला आवळा आणि दाराच्या रबरी गोट्या झिजल्या की बदला. पुढच्या चाकांची बेअरिंग आणि बॉल जॉइंट दोन्ही दर पावसाळ्यानंतर हलवून बघा: चाक जॅकवर उचला, वर-खाली हातानं धरून हलवा. खटखट लागली तर मेकॅनिककडे न्या.

कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटर उरली तरी टायर चालतो. काळ्या मातीत तो त्याच्या कितीतरी आधी निकामी झालेला असतो. मड टेरेनची नक्षी निम्मी उरली की तो पुढच्या पावसाळ्यासाठी धरू नका. दिवाळीनंतर विकून टाका, ट्रॉलीवाले घेतात.